धागा: जुन्या बोअरला आतून लायनर, की तेलविहिरीसारखी स्फोटकाने भोकं? (तापीकाठचा गाळ)

केळीबाग
राम राम मंडळी. विषय रावेर-यावल पट्ट्यातला, म्हणजे गाळातल्या बोअरचा. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचा हिशेब वेगळा, तो इथे नको.

बोअर ३०० फूट, ८ इंची लोखंडी केसिंग (बोअरची भिंत धरणारा पाइप), वीस-बावीस वर्षं जुनं. स्लॉटचे, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या फटींचे पाइप २१० ते २९० फुटांत. पाणी अडीच इंचावरून दीड इंचावर आलंय आणि मोटार सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं वाळू येते. तीन मतं समोर आहेत: ॲसिड मारा, आतून ५ इंची लायनर, म्हणजे जुन्या केसिंगच्या आत दुसरा पाइप टाका, आणि तिसरं म्हणजे तेलविहिरीत केसिंगला स्फोटकाने भोकं पाडतात तशी पाडून घ्या, नवं पाणी मोकळं होईल. तिसऱ्यात त्या स्फोटकालाही ‘लायनर’ असतं म्हणे, तांब्याचं. दोन्ही लायनरचा खुलासा हवाय.

खडक_पाणी
नाव एक, वस्तू दोन. आधी तेलविहिरीतलं सांगतो, म्हणजे तो फाटा लवकर मिटेल.

तेलविहिरीत केसिंग आणि जमीन यांच्यामध्ये सिमेंट भरलेलं असतं. तेलाचा थर कुठे आहे हे मोजून झालं की त्या खोलीवर नळीत बसवलेली छोटी आकारित स्फोटकं सोडतात. स्फोटकाच्या पोकळ तोंडाला धातूचं पातळ अस्तर असतं, ते त्यांचं लायनर. स्फोट झाला की अस्तर चिरडून त्याची बारीक, अतिवेगवान धार होते आणि ती पोलाद, सिमेंट, खडक भेदत जाते. ही धार वितळलेल्या धातूची असते असा सार्वत्रिक समज आहे, तो चूक. धातू घनच असतो, पण दाब इतका प्रचंड असतो की तो द्रवासारखा वाहतो. पोकळ तोंडाचा हा परिणाम चार्ल्स मन्रो यांनी १८८८ मध्ये नोंदवला. तेलविहिरीत तो दुसऱ्या महायुद्धानंतर आला; त्याआधी केसिंगमध्ये चक्क बंदुकीसारख्या गोळ्या झाडत.

अस्तराचा धातू कोणता याला महत्त्व दोन कारणांनी. एक, घनता: धार जितकी जड तितकी ती खोल जाते. दोन, ताणलं जाण्याचा गुण: धार न तुटता जितकी लांब राहील तितका भेद जास्त. तांब्यात दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी जमून येतात. शिसं जड आहे पण तग धरत नाही, ॲल्युमिनियम हलकं पडतं. मात्र सलग तांब्याच्या अस्तराची एक खोड आहे. सगळं अस्तर धारेत जात नाही. मोठा भाग मागून संथपणे येणारा गोळा होतो आणि पाडलेल्या भोकातच जाऊन अडकतो. तेलवाले त्याला त्याच्या आकारावरून ‘गाजर’ म्हणतात. भोक पाडायचं आणि त्यालाच बूच मारायचं! म्हणून विहिरींसाठी तांबे, टंगस्टन वगैरेंची पूड दाबून केलेली अस्तरं आली. त्यांचा मागे राहणारा भाग भुगा होतो, भोक मोकळं राहतं.

रिगवाला
म्हणजे आपल्याकडे पुडीचं अस्तर वापरलं की झालं?

खडक_पाणी
नाही भो. अस्तर कुठलंही असू दे, आपल्या बोअरचं दुखणं त्या भोकाने बरं होत नाही. त्या भोकाचं तोंड साधारण बोटभर रुंद. रावेर-यावलची वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. बोटभर भोकातून अर्धा मिमी वाळूला कोण अडवणार? तेलविहिरीत ते चालतं कारण मागे सिमेंट आणि बहुतेक वेळा आवळलेला वाळूचा खडक असतो. जिथे तेलाचा थरही सुट्या वाळूचा असतो, तिथे तेलवालेसुद्धा मुद्दाम मोठी भोकं पाडून त्यात गिट्टी भरतात आणि आत जाळी लावतात. म्हणजे शेवटी जाळीवरच येतात.

शिवाय वीस वर्षं गंजलेलं केसिंग. त्यावर धक्का बसला की भोक पडेल की पाइप फाटेल हे कुणी सांगू शकत नाही. मधला चिकणमातीचा थर त्या फटीतून आत आला तर बोअर गेलंच. पीव्हीसीला तर विचारूच नका, काचेसारखे तुकडे.

तापीकाठ
कायद्याचंही एकदा लिहून ठेवा, वाचणारे बरेच असतात. स्फोटकं म्हणजे १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम; परवाने देणाऱ्या खात्याचं मुख्यालय नागपूरला. विहिरीसाठी सुरुंग लावणाऱ्या परवानाधारक ठेकेदाराचं काम आणि बोअरमध्ये कुणीतरी आणून सोडलेली कांडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळाच्या बोअरमध्ये सुरुंगाचा उपयोगही नाही. खडकात भेगा उघडतात म्हणून तिथे तो विचार तरी होतो. वाळूत उघडायला भेगच नाही.

गिरणाकाठ
खडकाच्या बोअरलाही आता सरकारी भूजल यंत्रणा पाण्याच्या दाबाने भेगा मोकळ्या करते, हायड्रोफ्रॅक्चरिंग. पण तेही गाळात चालत नाही. असो, धाग्यावर या.

पायथा
केळीबागभाऊ, लायनर की ॲसिड हे ठरवण्याआधी एक मोजणी करा. पाणी कमी झालं ते बोअर बुजल्यामुळे, की खालची पातळीच उतरल्यामुळे? सातपुड्याच्या पायथ्याला पातळी इतकी उतरलीय की निम्म्या तक्रारी त्याच असतात, आणि लोक ॲसिडवर पैसे घालतात.

मोटार रात्रभर बंद ठेवा. सकाळी पातळी मोजा. मग दोन-तीन तास चालवून पुन्हा पातळी मोजा आणि त्याच वेळी २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते बघा. ४० सेकंद म्हणजे तासाला १८,००० लिटर, ६० सेकंद म्हणजे १२,०००. तासाचं पाणी भागिले पातळी किती फूट खाली गेली. हा आकडा जुन्या आकड्याशी ताडा.

उदाहरणार्थ, पूर्वी स्थिर पातळी १५०, चालू मोटारीवर १६५, पाणी १८,०००: दर फुटाला १,२००. आता स्थिर १८०, चालू २३०, पाणी १२,०००: दर फुटाला २४०. हे बुजणं आहे. पण स्थिर पातळी १८० असून चालू मोटारीवर १९० च असेल, तर बोअर ठणठणीत आहे, पंपाला उचल जास्त झाली म्हणून किंवा पंप झिजला म्हणून पाणी कमी. तिथे बोअरला हात लावू नका.

केळीबाग
जुना पावती-कागद आहे, त्यावर नव्या बोअरची पातळी आणि पाणी लिहिलंय. दर फुटाला ९०० च्या आसपास होतं. आत्ताचं मोजलं, २१०. बुजलंय.

पायथा
मग आता कशाने बुजलंय ते. पंप वर काढाल तेव्हा पाइपांवर काय आहे ते नखाने खरवडून बघा. पांढरा, कडक थर आणि त्यावर ॲसिडचा थेंब टाकल्यावर फेस, म्हणजे चुना. तांबूस, बुळबुळीत, वास मारणारं, म्हणजे लोहजिवाणू. नुसती बारीक राखाडी माती, म्हणजे गाळ. तिन्हींचे उपाय वेगळे. आणि कॅमेरा सोडाच. केसिंग कुठे फाटलंय हे न बघता ॲसिड ओतणं म्हणजे गळक्या हंड्यात दूध.

रिगवाला
ॲसिडचं प्रमाण लिहितो. बाजारातलं जळजळीत म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड टाकू नका, जुनं लोखंड तेच खातं. दाणेदार सल्फॅमिक ॲसिड मिळतं, ते वापरा. ८ इंची पाइपात दर मीटरला साधारण ३१ लिटर पाणी मावतं. स्लॉट ८० फूट म्हणजे २४ मीटर, म्हणजे ७५० लिटर. त्याच्या ७ टक्के धरले तर ५२ किलो. ड्रममध्ये विरघळवून, बारीक पाइपाने स्लॉटसमोर सोडायचं. वरून ओतलं तर वरच्या पाण्यातच पातळ होतं. मग दर अर्ध्या-पाऊण तासाने खालीवर ढवळायचं आणि उपसून टाकायचं.

तापीकाठ
यात तीन गोष्टी जोडतो, कारण माणसं यातच सापडतात. ॲसिड चुन्यावर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो जड असतो. बोअर पंपघराच्या खड्ड्यात असेल तर त्या दिवशी खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. दुसरं, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकाच दिवशी कधीच नाही. क्लोरीन वायू होतो आणि पळायलाही वेळ मिळत नाही. लोहजिवाणूंसाठी क्लोरीन द्यायचंच असेल तर ॲसिडचं पाणी पूर्ण उपसून, दुसऱ्या दिवशी. तिसरं, उपसलेलं पाणी केळीच्या खोडाशी किंवा ठिबकमध्ये सोडू नका. चुना टाकलेल्या खड्ड्यात घ्या.

केळीबाग
कॅमेरा सोडला. २१० च्या खाली पांढरा थर आहेच, पण २४० आणि २६२ ला स्लॉटच्या कडा गंजून दोन-तीन स्लॉट एकमेकांत मिसळलेत. बोट जाईल एवढी फट दिसते. वाळू तिथूनच येत असणार.

खडक_पाणी
मग ॲसिडने ती वाढणार. प्रश्न सुटला, लायनर. गंमत बघा, तुमच्या केसिंगने ती स्फोटकाची भोकं आपोआप पाडून दाखवली आणि काय होतं तेही दिसलं.

आता लायनरचा धातू. लोखंडात पुन्हा लोखंड टाकू नका, वीस वर्षांनी हेच. स्टेनलेसची जाळी आणि साधं लोखंडी पाइप असं जोडकाम तर मुळीच नको. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की जास्त क्रियाशील धातू, म्हणजे इथे लोखंड, जोडाजवळ भराभर गंजतो. तुमच्या खोलीला पीव्हीसी योग्य. बोअरचा पीव्हीसी पाइप भारतीय मानक १२८१८ चा असतो आणि त्यात तीन प्रकार: सीएस ८० मीटरपर्यंत, सीएम २५० मीटरपर्यंत, सीडी ४५० मीटरपर्यंत. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर, तेव्हा सीएम घ्या. दुकानदार सीएस स्वस्तात देतो, खाली बाहेरच्या दाबाने तो चपटा होतो आणि मग पंप अडकतो. पाण्याच्या लाइनचा शेतीचा पाइप तर नकोच, कितीही जाड वाटला तरी.

रिगवाला
माप ५ इंची घ्या. ६ इंची पीव्हीसीचा बाहेरचा व्यास १६५ मिमी, केसिंगचा आतला २०० च्या आसपास. दोन्ही बाजूंना जेमतेम १७-१८ मिमी राहतात आणि त्यात केसिंगला गंजाचे फुगे. ५ इंचीचा बाहेरचा १४० मिमी, बाजूला ३० मिमी. वाळू अडवायला लायनरच्या बाहेरून गिट्टी भरायची असते, ती उतरायला एवढी जागा लागतेच.

केळीबाग
पण मग पंप व्ही-६ चा, म्हणजे ६ इंची बोअरचा, बसणार नाही.

रिगवाला
नाही बसणार. व्ही-४ (४ इंची बोअरचा) घ्यावा लागेल आणि त्यात साडेसात एचपीच्या पुढे फार पर्याय नाहीत. हीच लायनरची खरी किंमत. अडीच इंच पाणी परत मिळणार नाही, दोनच्या आसपास, स्वच्छ. ते पुरत नसेल तर नवं बोअर हाच मार्ग, लायनरमध्ये जीव अडकवू नका.

सूक्ष्मधारा
स्लॉट किती मिमीचा घ्यायचा हे कुणीच लिहिलं नाही. दुकानात विचारतात तेच.

पायथा
ताई, तो सगळ्यात मोठा प्रश्न आहे. उत्तर दुकानात नाही, वाळूत आहे. मोटारीतून येणारी वाळू किलोभर जमवा, उन्हात वाळवा, चाळण्यांच्या संचातून चाळून घ्या. कृषी किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात संच असतो. ज्या मापाच्या खाली निम्मी वाळू जाते ते माप बघा. समजा ०.४ मिमी आलं. बाहेर भरायची गिट्टी त्याच्या चार ते सहा पट, म्हणजे १.६ ते २.४ मिमी. स्लॉट असा की त्या गिट्टीतली ९० टक्के बाहेर अडेल. इथे १ मिमी.

मोटारीतून येणाऱ्या वाळूत बारीक कण जास्त असतात, थराची खरी वाळू थोडी जाड असते, हे ध्यानात धरा. चूक झालीच तर बारीक बाजूला होऊ द्या.

सूक्ष्मधारा
आणि गावातच हॅक्सॉने कापलेले स्लॉट?

खडक_पाणी
रुंदी जमेल, संख्या जमणार नाही. कारखान्यातल्या कंगोऱ्याच्या स्लॉट पाइपात उघडी जागा ८ टक्के धरा, हाताने कापलेल्यात २ टक्के होता होता हात दुखतात. पाणी आत शिरताना सेकंदाला ३ सेंटिमीटरच्या वर वेग नको, नाहीतर ते वाळू ओढतं आणि चुनाही लवकर धरतो. निम्मे स्लॉट गिट्टीने झाकले जातात असं धरून, २४ मीटर ५ इंची पाइपाला: ८ टक्क्यांवर तासाला ४५,००० लिटर सहज, २ टक्क्यांवर फक्त ११,००० च्या आसपास. तुमचा पंप १४-१५ हजार ओढणार. हाताने कापलेला पाइप पहिल्या दिवसापासून धापा टाकेल. ग्राइंडरने कापू नका, पीव्हीसी वितळून कडा फुगतात आणि त्या पिसांत गाळ अडकतो.

रिगवाला
गिट्टी: गोल, धुतलेली, नदीची गारगोटी. खडी फोडल्यावर उरते ती कच चालणार नाही. चपटी असते, अडकते, आणि तिच्यातली पूड स्लॉट बुजवते. चुनखडीची तर नकोच, पुढे ॲसिड मारलंत तर गिट्टीच विरघळेल. मूठभर घेऊन वर ॲसिडचा थेंब टाकून बघा.

मोजून टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. ८ इंची केसिंग आणि ५ इंची लायनर यांच्यामध्ये दर मीटरला १६ लिटर जागा. तळापासून १९० फुटांपर्यंत, म्हणजे ११० फूट भरायचे: साधारण ५४० लिटर. १५ लिटरच्या ३६ बादल्या. प्रत्येक बादलीबरोबर पाणी सोडत, सावकाश, एक बादली किमान तीन-चार मिनिटं. दर पाच बादल्यांनी वजन बांधलेली बारीक तार सोडून गिट्टी कुठवर आली ते बघा. पाच बादल्यांनी साधारण १५ फूट चढली पाहिजे. पाच बादल्यांत ५० फूट चढली तर मध्ये अडकलीय, खाली पोकळ आहे. थांबा, लायनरमध्ये पाणी सोडून वर उसळू द्या आणि हलकं हलवा. उलट दहा बादल्या टाकूनही वर येत नसेल तर ती गंजलेल्या फटीतून केसिंगच्या बाहेर जातेय. त्याला भिऊ नका, बाहेरची पोकळी भरतेय. तुमच्या २४० आणि २६२ ला हे होणारच, म्हणून दीडपट गिट्टी आणून ठेवा.

लायनरच्या तळाला बूच, दर ६ मीटरला मध्य धरायच्या पट्ट्या. पट्ट्या नसल्या की लायनर एका अंगाला टेकतो, त्या बाजूला गिट्टी नाही आणि वाळू तिथूनच.

केळीबाग
पट्ट्यांवर गिट्टी अडकणार नाही?

रिगवाला
रुंद कडं असेल तर अडकते. तीन अरुंद उभ्या पट्ट्या वापरा आणि सगळ्या जोडांवर एकाच रेषेत ठेवा.

पायथा
मग धुणं. इथेच सगळे घाई करतात. कॉम्प्रेसर लावून थेट पूर्ण हवा मारायची नाही. आधी तळाकडून दर १० फुटांचा टप्पा, हलकी हवा, बंद, पुन्हा हवा. पाणी आतबाहेर झालं पाहिजे. एकाच दिशेने ओढलं की कण एकमेकांना टेकून कमान धरतात आणि मोटार दोनदा चालू-बंद झाली की ती कमान कोसळते. एक-दोन तासांत आटपू नका, दिवस द्या.

झालं की नाही याची परीक्षा: मोटार २० मिनिटं चालवून मग २०० लिटरचा ड्रम भरा, निवू द्या, तळाची वाळू गोळा करा. दहा लाखात २० भाग हे प्रमाण मान्य, म्हणजे ड्रममध्ये ४ मिलिलिटर. चहाचा चमचा ५ चा असतो. सपाट चमचा भरला तर अजून धुवा.

तापीकाठ
पंप स्लॉटसमोर लटकवायचा नाही. १९०-१९५ फुटांवर, स्लॉटच्या वर, बंद पाइपात. पातळी तिथपर्यंत उतरत असेल तर मोटारीला ड्राय-रन संरक्षण (पाणी संपलं की मोटार बंद करणारं) लावा. पाण्यासाठी पंप खाली स्लॉटमध्ये नेला की तिथलाच एक भाग उपसला जातो आणि वाळू चालू. लाइट आठ तासांची, त्यातही ती मध्येच जाते-येते. दर वेळी पाइपातलं पाणी खाली आपटतं आणि गिट्टी हलवते. पाणी उलटं न सोडणारा वाल्व चांगला ठेवा, स्टार्टरला दोन-तीन मिनिटांचा टायमर लावा, आणि पहिले पंधरा दिवस डिलिव्हरीचा गेट वाल्व अर्धा दाबून चालवा.

केळीबाग
यादी केली: सीएम ५ इंची, २४ मीटर १ मिमी स्लॉट, बाकी साधा, बूच, पट्ट्या, गिट्टी ८०० लिटर, व्ही-४ साडेसात. चाळणीचा निकाल येईपर्यंत स्लॉटची ऑर्डर थांबवतो.

पायथा
गिट्टीचीही थांबवा, ती त्याच निकालावर आहे. आणि केसिंगच्या तळाशी किती वाळू साठलीय ते आधी मोजा. ३०० चं बोअर २८५ च उरलं असेल तर लायनर तेवढाच कापावा लागेल.